मानाजी मास्तरांवरचा विनोद

देवास, ११ जुलै १९५३

मित्रवर्य मानाजी यास,

तू कन्नौदच्या शाळेत बदली मागून घेतलीस, असं कळलं. मला कारण विचारायची गरज नव्हती.

पंधरा वर्षं तू माझी थट्टा केलीस. मी कीर्तनाला निघालो की ओट्यावरून ओरडायचास, "क्यों भिया, देवी आज टेकडीवर आहे की बसने इंदूरला गेली?" मी हसायचो. मला त्याचं खरंच हसू यायचं.

पाडव्याच्या सकाळी तू मला टेकडीवर दिसलास. अनवाणी होतास, हातात ओटीचं सामान होतं. म्हणालास, "रुक्मिणीला आता चढवत नाही, पण तिचा नवस आहे. बुवा, कुणाला बोलू नकोस."

आठ दिवसांनी रामनवमीचं माझं कीर्तन काही केल्या रंगेना. तू मागे खांबाशी उभा होतास. मी म्हणालो, "आमचे नास्तिक मानाजी मास्तर परवा देवीच्या दर्शनाला गेले होते. कशाला? ती नाही ना, याची खात्री करायला!" सगळं देऊळ हसलं. तू बाहेर जाऊन चपला घातल्यास आणि निघून गेलास.

वैशाखात रुक्मिणीवहिनी गेल्या. मी स्मशानात आलो, पण मागेच थांबलो.

विनोद वाईट नव्हता, असं मला अजूनही वाटतं. तुझे विनोद देवीवर असायचे. तिला ते लागले नसावेत. माझा वहिनींच्या नवसावर होता. हे मला बोलतानाच ठाऊक होतं, पण मला हशा हवा होता.

हे पत्र मी टाकणार नाही. टाकलं, तर तू उत्तरात एखादा विनोद लिहून मला मोकळं करशील.

तुझा,
धुंडिराज