दुखवट्यातला गुलाल

पुणे, ११ डिसेंबर २०२२

ती. गं. भा. आईस,
विजयसिंहाचा सा. न. वि. वि.

पत्र लिहायची वेळ तूच आणलीस. फोन केला की मॅच चालू हाय म्हणतेस आणि ठेवून देतेस.

काल आजऱ्याच्या मामांनी व्हिडिओ पाठवला. फुटबॉलच्या वर्ल्डकपात अर्जेंटिना क्वार्टर फायनल जिंकली म्हणून पेठेतली पोरं हलगीवर नाचताहेत आणि आपल्या दारात तू उभी, कपाळभर गुलाल! आबांना जाऊन चारच महिने झालेत. दिवाळीला आपण आकाशकंदीलसुद्धा लावला नाही, आणि कुठल्या परदेशातल्या गोलासाठी तुला गुलाल चालतो? मामा म्हणाले, तानाबाईला दुःख न्हाय झालं, सुटका झाली. भावकीत तोंड दाखवायला जागा ठेवली नाहीस. अंथरुणाला खिळलेल्या आबांची तीन वर्षं सेवा केलीस, त्या सगळ्यावर पाणी फिरवलंस.

आता माझं ऐकायचं. रविवारी टेम्पो घेऊन येतोय, सामान बांधून ठेव. टीव्ही तिथंच कुणाला तरी देऊन टाक. पुण्यात नातवंडांत राहिलीस म्हणजे डोकं ठिकाणावर येईल. पूर्णिमाचा नमस्कार.

लोभ आहेच, तो टिकेल असं वाग.

तुझा,
विजयसिंह


कोल्हापूर, १४ डिसेंबर

चि. विजयसिंहास,
आईचे अ. उ. आशीर्वाद आहेत, पण रागानं लिहितेय हे आधीच सांगते.

तेराव्याला पंगतीवर पंगती उठल्या. दुसऱ्या दिवशी घरात मी आणि त्यांची रिकामी कॉट. तुझा मामा तेव्हापासून एकदाही फिरकला नाही, व्हिडिओ मात्र बरा सापडला त्याला! त्याच्या जिभेला हाड नाही, आणि त्याचं ऐकून तू मला लिहितोस!

गुलालाचंही ऐक. मिरवणूक आपल्या दाराशी आली आणि पोरांनी हलगी थांबवली. दुखवट्याचं घर म्हणून झेंडे खाली घेतले, माना खाली घालून चालू लागली. चार महिने सगळे हेच करतात. माझं दार आलं की माणसं बोलायची थांबतात. माझं डोकंच फिरलं. बाहेर येऊन ओरडले की गेलेत ते, मी न्हाय गेले, वाजवा की रं! शेजारचा ऋतुराज गुलाल लावायला कचरत होता, त्याचा हात धरून मीच लावून घेतला.

अंगाला जखमा होऊ नयेत म्हणून तीन वर्षं मी रात्रभर उठून त्यांची कूस बदलली. अजून तशीच उठते. अंधारात हात पुढं जातो आणि कॉट मोकळी लागते. मॅच बघताना हात जात नाही. खेळातलं निम्मं मला कळतही नाही. पण तेवढा वेळ त्यांची आठवण येत नाही, आणि आली नाही म्हणून वाईटही वाटत नाही. तोच तेवढा वेळ तू काढून घ्यायला निघालास.

रविवारी फायनल आहे. टेम्पो आणलासच तर त्यात तुझ्या मामाला घालून ने. मी हलणार न्हाय.

पोरांना पापा. माया आटू देऊ नकोस.

तुझी,
आई


पुणे, १७ डिसेंबर

ती. आईंस,
पूर्णिमाचा सा. न. वि. वि.

तुमचं पत्र वाचून हे आधी माझ्यावर ओरडले, मग बाल्कनीत जाऊन मामांना फोन लावला. ह्यांचा एवढा आवाज लग्नानंतर मी पहिल्यांदाच ऐकला. मामा आता बरेच दिवस आपल्याकडं बघणार नाहीत. टेम्पो रद्द केलाय. उद्या हे एकटेच येतील. पत्र त्यांच्याच हाती देतेय. माफी मागायची त्यांना सवय नाही, मुकाट टीव्हीपुढं बसतील. बसू द्या.

पण मी तुमच्यावर चिडलेय. चार महिने रात्ररात्र उठताय, आणि रोज फोनवर मला सांगता की झोप छान लागते. मी रोज विचारत नव्हते का? पेठेतल्या पोरांवर ओरडलात, तसं माझ्यावर ओरडायला काय झालं होतं? मला परकी धरलीत, याचा फार राग आलाय.

आणि ह्यांनी तुम्हाला इतकं सुनावलं, पण एक गोष्ट विचारली नाही. उद्या फायनल संपेल. परवापासून मॅच नाही. मग काय करणार आहात?

याचं उत्तर लिहू नका. लिहिलंत तर ठीक चाललंय असंच लिहाल. सोमवारी सकाळच्या एसटीनं पोरांना घेऊन निघतेय, शाळा बुडाली तर बुडू दे. तोंडावर विचारणार आहे, आणि खरं सांगेपर्यंत परत जाणार नाही.

राग धरलाय म्हणून लोभ सोडू नका.

तुमची,
पूर्णिमा