जिलबीचा उपास

७ सप्टेंबर, रविवार
ओवीला एअरपोर्टवर सोडून आलो. कुंदा रडली. मी नाही. गाडीचा एसी डोळ्यांवर येत होता, बस.
एडिनबरा म्हणजे काही चंद्र नव्हे. शिकेल, येईल. जाताना पोरगी आपला साप माझ्यावर सोपवून गेली. केशरी कॉर्न स्नेक, सदा वेटोळं घालून बसलेली, म्हणून नाव जिलबी. कुंदा त्या खोलीत पाय ठेवत नाही. आमच्याकडे अंडंसुद्धा येत नाही आणि ओवीच्या मिनी फ्रिजमध्ये उंदरांची पाकिटं आहेत!
ओवीचे नियम भिंतीवर चिकटवलेत. जिवंत उंदीर आणायचा नाही, त्यालाही भीती वाटते. त्रास न होता गेलेला, फ्रोझनच. आदल्या दिवशी फ्रीझरमधून खाली फ्रिजमध्ये, मग पिशवीत घालून गरम पाण्यात, आतपर्यंत ऊब येईस्तोवर. पुसून, चिमट्यात धरून द्यायचा. उंदराची केवढी काळजी!
इथे अबुधाबीत कोट्यवधींची टेंडरं सांभाळतो मी. उंदीर म्हणजे किस झाड की पत्ती. संकल्प: दर रविवारी, शार्प.

१४ सप्टेंबर, रविवार
सगळं नियमाप्रमाणे. जिलबीनं झडप घालून गिळला. ओवीला फोटो पाठवला. अंगठा आला. आठवड्यात तेवढंच.
सेटल होतेय, चांगलंच आहे. मी काही फोनची वाट बघत बसणारा बाप नाही. फोन चार्जिंगला लावून उशाशी ठेवलाय, तो ऑफिसचं काही आलं तर म्हणून.

२१ सप्टेंबर, रविवार
ऐन वेळी बॉसचा कॉल. उंदीर पाण्यातून लवकर काढला, आत बर्फ राहिला. जिलबीनं वास घेतला, तोंड फिरवलं. ओवीला कळवलं तर लगेच व्हिडिओ कॉल. किती वेळ बोलली! खोली दाखवली. सर्दी झालीय. टोस्टवर जगतेय. उद्या परत फोन करते म्हणाली.

२५ सप्टेंबर
रोज फोन. आधी जिलबी, मग इकडचं तिकडचं. आज तिला पिठल्याची रेसिपी सांगितली. मला पिठलं येतं हे कुंदाला माहीत नव्हतं. मला येत नाही.

२८ सप्टेंबर, रविवार
नवरात्र. कुंदाचे नऊ दिवसांचे उपास. बायकोनं वरईचे तांदूळ खायचे आणि शेजारच्या खोलीत कोणी उंदीर गिळायचा, हे बरं दिसत नाही. जिलबीलाही उपास. ओवीला सांगितलं, आजही खाल्लं नाही. यात खोटं काय? नाहीच खाल्लं.

५ ऑक्टोबर, रविवार
दसरा झाला. उंदीर काढला. पाणी जरा कोमटच घेतलं. फार गरम पाण्यानं उंदीर फुटतो असं कुठेतरी वाचलंय. सेफ्टी फर्स्ट. जिलबीनं घेतला नाही.
ओवीला म्हटलं, कात टाकणार असेल, तेव्हा साप खात नाहीत. तिनं विचारलं, डोळे दुधाळ झालेत का? म्हटलं, थोडेसे. डोळे लख्ख आहेत खरं तर. पण खोलीत उजेड कमी आहे, छातीठोक सांगता येत नाही.

११ ऑक्टोबर
ओवी फोनवर रडली. झोप नाही, असाइनमेंट राहिलंय. जिलबीच्या पाठीचा कणा वर दिसायला लागलाय, तो कॅमेऱ्यात येऊ दिला नाही. कशाला पोरीच्या जिवाला आणखी घोर? उद्या खायला घालायचंच. इन्शाल्ला.

१२ ऑक्टोबर, रविवार
उद्या. आज संध्याकाळी ओवी फोन करणार आहे.

१४ ऑक्टोबर
ऑफिसमधून आलो तर कुंदा ओवीच्या खोलीत. भिंतीवरचे नियम एकेक करून वाचत होती. केटल आणली, बाथरूममधल्या मगात पाणी ओतलं, पिशवीतल्या उंदराचं पोट अंगठ्यानं दाबून बघितलं. परत पाण्यात ठेवला. मी म्हटलं, ग्लोव्ह्ज घाल. तिनं उंदीर पुसून चिमट्यात धरला. चिमटा काचेच्या टाकीत गेला न गेला तोच जिलबीनं ओढून घेतला.
कुंदा आंघोळ करून आली आणि म्हणाली, "तिनं फोन करावा म्हणून मुक्या जिवाला उपाशी ठेवलंत. अहो, मीही तिच्या फोनचीच वाट बघत होते."
तिचा गैरसमज झालाय. सवडीनं समजावून सांगेन.

१७ ऑक्टोबर
रुहान, ओवीचा शाळेतला मित्र, टाकीसकट जिलबीला घेऊन गेला. त्याच्याकडेही साप आहेत. कुंदानंच ओवीला सांगितलं की बाबांना जमत नाहीये. बाकीचं काही सांगितलं नाही. ओवीचा फोन आला, माझ्यासाठी. "इट्स ओके, बाबा. यू ट्राइड सो हार्ड."
खलास. सुटलो एकदाचा. आता रविवार माझे.

२० ऑक्टोबर
लक्ष्मीपूजन. ओवीनं पणतीचा स्टिकर पाठवला. मी अंगठा पाठवला.

२६ ऑक्टोबर, रविवार
फ्रीझरमध्ये मागच्या बाजूला एक पाकीट राहिलं होतं. रुहानला द्यायचं विसरलं. फेकायचंच होतं. काल खाली काढून ठेवलं. आज केटल लावली, उंदीर गरम पाण्यात ठेवला, पोट दाबून बघितलं, परत ठेवला. पुसला. आतपर्यंत ऊब होती. अगदी बरोब्बर जमला.
टाकीच्या जागी टेबलावर चौकोनी डाग आहे. कुंदा दारात आली. कोणासाठी, असं विचारलं नाही. कागदाची पिशवी आणून दिली.
फोन चार्जिंगला आहे. ऑफिसचं काही आलं तर.