लार्सच्या दाराशी काढलेले बूट
मंगळवार, १४ नोव्हेंबर २००६, प्लेनो

लार्सचा ब्लॉग आज पुन्हा उघडला. का उघडते मी? आमच्या टीममधला हा स्वीडिश माणूस लिहितो, आमच्या घरी बूट आणि मोबाइल दाराशीच ठेवायचे. खाली ऑफिसातल्या सगळ्यांच्या कमेंट्स, किती मॉडर्न विचार, म्हणे. शनिवारी त्याच्याकडे बॉसनेही निमूट बूट काढले. बूट काढण्यात कसलं आलंय मॉडर्न? माझी आई जन्मभर तेच सांगत आली, तर ते जुनाट. नुसता जळफळाट होतोय.

पण लार्सवर तरी कशाला चिडू? दिवाळीला हाच बॉस आमच्या दाराशी वाकून लेस सोडत होता. मीच लाजून म्हटलं, "नो नो, इट्स फाइन," आणि बुटांसकट त्याला देवासमोर नेऊन उभं केलं.