डाव्या डब्यातला संतूर

बाबा, आज रविवार आहे आणि सालेकशातल्या माझ्या भाड्याच्या खोलीत तुमचे दोन्ही डबे वाजत आहेत. तुम्ही त्यांना कधी स्पीकर म्हटले नाही, म्हणून मीही म्हणत नाही. रेकॉर्ड प्लेयरखाली तुम्ही करायचात तसाच, धानाच्या भुशाने भरलेला लाकडी ट्रे ठेवला आहे. रूळ इथून फार दूर नाहीत, मालगाडी गेली की टेबलावरच्या पेल्यातले पाणी हलते, सुई मात्र हलत नाही. हे तुम्हाला सांगावेसे वाटले. तुम्हाला जाऊन चौदा वर्षे झाली, आणि एवढ्या वर्षांत मी तुम्हाला एक ओळही लिहिली नाही. आज लिहायला बसले आहे ते एका खोट्यासाठी. मी बारा वर्षांची असताना सलग चार रविवार ते तुम्हाला सांगितले होते.

कामठ्याच्या घरातली पुढची खोली डोळ्यांसमोर आहे. तुम्ही राइस मिलमध्ये मिस्त्री होता. वीस वर्षे धान भरडायच्या यंत्राच्या उजव्या अंगाला, डावा कान त्याच्याकडे करून तुम्ही उभे राहिलात, आणि यंत्राने तो कान ठेवून घेतला. उरलेल्या कानावर मात्र तुमचा फार विश्वास होता. स्क्रू पिळायच्या पेचकसाचे टोक बेअरिंगवर टेकवायचे, मूठ उजव्या कानाशी धरायची, डोळे मिटायचे आणि ते बेअरिंग आणखी किती दिवस साथ देईल ते सांगायचे, हे मी मिलमध्ये डबा घेऊन आले असताना स्वतः पाहिले आहे. लोकांनी कॅसेटींच्या आणि मग सीड्यांच्या नादात जुन्या रेकॉर्डी भंगारात काढल्या, तेव्हा गोंदियाच्या बाजारातून तुम्ही त्या एकेक करून सायकलवर घरी आणल्या. धुतल्या, सावलीत उभ्या करून वाळवल्या, नव्या कागदात घातल्या. सागाच्या फळ्यांचे डबे तुम्ही स्वतःच्या हाताने जोडले आणि आवाज आतल्या आत घुमू नये म्हणून त्यांच्या पोटात सावरीचा कापूस भरला. आई म्हणायची, "घरच्या उश्या चपट्या झाल्या, अन् कापूस डब्ब्याईले."

दोन डब्यांपासून सुतळीने सारखे अंतर मोजून तुम्ही जमिनीवर खडूची खूण केली होती. त्या खुणेवर लोखंडी खुर्ची, आणि खुर्चीवर मी. तुम्ही स्वतः त्या खुर्चीवर कधीच बसला नाहीत. माझ्या उजव्या हाताला, खाली, भिंतीला पाठ लावून बसायचात. "चांगली रेकॉर्ड असन," तुम्ही सांगितले होते, "तं वाजवनारे दोन डब्ब्यांच्या मधात आपापल्या जागेवर बसते. दोन कानवाल्याले दिसते थे. मले सारे एकाच पोत्यात भरल्यावानी आयकू येते. तू सांग, कोन कुठे बसून रायला."

आणि मी सांगू शकत नसे. वर्गात माझा पहिला क्रमांक असे, पण तो कागदावरचा. तोंडी परीक्षेला पाठ असलेली उत्तरेही माझ्या तोंडून निघत नसत. आता रविवारीही तेच सुरू झाले होते.

"उजवीकडे बासरी," मी म्हणायची.

"अन्?"

"डावीकडे संतूर."

"अन् तबला?"

"मध्ये."

"थे तं कव्हरवरच्या फोटोतबी दिसते. तुले का दिसलं?"

मला काहीच दिसलेले नसे. मी फ्रॉकचे टोक बोटाला गुंडाळत बसे, आणि स्वयंपाकघरातून आई माझ्या मदतीला धावे. "पोरीले पोलिसावानी काऊन पुसता? बसू द्या ना मुकाट्यानं. अन् आंगनातला धान पलटवाचा आहे, आयकून रायले का?" "आयकून रायलो," असे म्हणून तुम्ही जागचे हलत नसा. ते उत्तर तिला होते की बासरीला, हे तिला अखेरपर्यंत ठरवता आले नाही.

मग एका शनिवारी, शाळेतून घरी आल्यावर, माझ्या दप्तराचा पट्टा डाव्या डब्यामागच्या वायरीत अडकला आणि वायर आतून तुटली. बाहेरून काही दिसत नव्हते. दुसऱ्या दिवशी तुम्ही निळ्या कव्हरची, बासरी आणि संतूर यांच्या जुगलबंदीची रेकॉर्ड लावली. उजवीकडून बासरी आली. डावीकडे लाकडाचा एक मुका डबा उभा होता. मी खुर्चीवर बसून मनातल्या मनात गणित मांडले: बाबांचा डावा कान बंद आहे, बंद पडलेला डबाही डावाच आहे, म्हणजे जे गेले ते त्यांच्या बंद कानाच्या बाजूचे गेले, त्यांना कळायचे नाही. भूमितीत पैकीच्या पैकी गुण मिळवणाऱ्या मुलीने मांडलेले हे गणित.

"कोन कुठे बसून रायला?" तुम्ही विचारले.

"संतूरवाला डावीकडे," मी म्हणाले, आणि तिथे थांबले तर तुम्ही नेहमीसारखे "अन्?" म्हणून डाव्या बाजूला वाकाल, या भीतीने पुढे बोलत गेले. "खिडकीच्या जरा अलीकडे. मांडी घालून बसला आहे. त्याला घाई नाही. बासरीवाल्याचे बोलणे संपायची तो वाट पाहतो आहे."

तुम्ही माझ्याकडे पाहिले. ते पाहणे अजून आठवते आहे, कारण मला वाटले की पकडले गेले. पण तुम्ही एवढेच म्हणालात, "मंग?"

"मग बासरी थांबली की तो दोनच सूर टाकतो. कौलावरून शेवटचे दोन थेंब पडावेत तसे."

"कपडे कोन्ते घातले त्यानं?"

"पांढरे. बाह्या कोपरापर्यंत दुमडल्या आहेत."

"जेवून आला का उपाशीच?"

"जेवून. पण पोटभर नाही."

स्वयंपाकघरात आईला हसू आवरेना. "बाप लेक दोघंई भैसटले," ती म्हणाली.

दुसऱ्या रविवारी त्याचे तबलावाल्याशी काहीतरी बिनसलेले होते आणि तो त्याच्याकडे न पाहता वाजवत होता. तिसऱ्या रविवारी त्याच्या उजव्या हाताचे बोट दुखत होते, म्हणून तो डाव्या हाताने अधिक काम काढत होता. आठवडाभर शाळेत जाता-येताना मी त्या माणसाचा विचार करू लागले होते. कामठ्याच्या वाटेवर मला शब्द सापडत, आणि ते रविवारपर्यंत हरवू नयेत म्हणून मी ते वहीच्या शेवटच्या पानावर टिपून ठेवी. जो डबा वाजत होता त्याबद्दल माझ्याजवळ कधी चार शब्द नव्हते, आणि जो वाजत नव्हता त्याच्याबद्दल बोलताना रेकॉर्डची एक बाजू संपून जाई. चौथ्या रविवारी संतूरवाल्याला माझ्याएवढी एक मुलगी होती. ती त्याच्या मागे तंबोरा धरून बसली होती आणि तिला कोणी काही विचारत नव्हते.

"तिले काऊन नाई पुसत कोनी?" तुम्ही विचारले.

"विचारले की तिला बोलता येत नाही," मी म्हणाले. "पण एरवी येते."

सुई शेवटच्या रेघेवर जाऊन टकटक करू लागली तरी तुम्ही उठला नाहीत.

पाचव्या रविवारी तुम्ही तीच रेकॉर्ड लावली आणि डावीकडून संतूर वाजला. मी खुर्चीवरच दचकले. तुम्ही त्या दिवशी प्रश्न विचारला नाहीत, नुसते बसून राहिलात. आणि मीच आपणहून, जसे ऐकू येत होते तसे, सावकाश सांगत गेले. खरा संतूरवाला माझ्या संतूरवाल्यापेक्षा तरुण निघाला, थोडा उतावळाही. तुम्ही भिंतीला डोके टेकवून ऐकलेत आणि शेवटी म्हणालात, "बरा आहे. पन मांगच्या इतवारी बेस वाजवत होता." तुम्हाला काही कळले नाही, असे समजून मी सुटकेचा श्वास टाकला. वायर आपोआप चिकटली असावी, असेही मी स्वतःला पटवले. त्याच आठवड्यात मी वर्गात उभी राहून माझा निबंध मोठ्याने वाचला. गुरुजींनी दोनदा वर पाहिले, कारण माझा आवाज त्यांनी तोवर फारसा ऐकला नव्हता.

दहावीच्या वर्षी तुम्ही गेलात. डबे आईने जुन्या लुगड्यात बांधून ठेवले. माझा छंद सुटला नाही, बाबा. फक्त मी कानांवर हेडफोन घालून एकटी ऐकू लागले. पहिल्या पगारातून चांगले हेडफोन आणले, ध्वनीविषयी मिळेल ते वाचले, एकाच रेकॉर्डच्या दोन प्रतींतला फरक ओळखू लागले. तरीही काहीतरी राहून जात होते. हेडफोनमध्ये सारे वादक कपाळाच्या आत गर्दी करून बसतात. खोली रिकामी राहते. इथल्या शाळेत मराठी शिकवायला लागून दुसरे वर्ष सुरू झाले, खोली पुरेशी मोठी मिळाली, तेव्हा गेल्या महिन्यात मी कामठ्याहून तुमचा सगळा संसार टेम्पोत घालून आणला. सुतळीने अंतर मोजले, खडूने खूण केली, निळ्या कव्हरची रेकॉर्ड लावली. डावा डबा मुका होता.

मागच्या फळीचे सहा स्क्रू मी काढले. सावरीचा कापूस पिवळा पडला होता. तो बाजूला केला तर आत तुमची काळी वायर मध्येच संपत होती आणि तिला वीतभर लाल वायर जोडलेली होती, मिलमधल्या मोटारीच्या स्टार्टरला असते तशी. जोडावर पोती शिवायचा दोरा घट्ट गुंडाळून मिस्त्री मारतात तशी गाठ मारली होती. तांब्यावर हिरवट थर चढल्यामुळे तो जोड आता निकामी झाला होता, एवढेच. मी तो घासून पुन्हा पिळला आणि तोच दोरा त्याच्यावर गुंडाळला. गाठ तुमच्यासारखी जमली नाही.

म्हणजे तुम्हाला कळले होते. पण केव्हा आणि कसे? माझे बारा वर्षांच्या वयाचे गणित मी मोठेपणी कधी तपासलेच नव्हते. म्हणून डब्यातल्याच कापसाचा बोळा करून मी डाव्या कानात घट्ट बसवला, वर तळहात दाबून धरला, उजवा डबा बंद केला आणि फक्त डावा वाजवला. संतूर आला, बाबा. भिंतीला लागून, छताला लागून, माझ्या डोक्याला वळसा घालून सगळा संतूर उजव्या कानात आला. तो कुठे बसला आहे तेवढे मात्र मला सांगता येईना. तुमच्याजवळ नव्हते ते एवढेच होते. बाकीचे सगळे तुम्ही ऐकत होता, आणि ती रेकॉर्ड तुम्हाला तोंडपाठ होती. पहिल्या रविवारी, बासरीचे पहिले बोलणे संपायच्या आत, संतूर नाही हे तुम्हाला ठाऊक झाले असणार. आणि मी खिडकीपाशी बसवलेल्या माणसाच्या कपड्यांची चौकशी तुम्ही त्यानंतर केली होती.

मी आईला फोन लावला.

"अवो, पहिल्याच दिवशी मालूम होता त्याईले," ती म्हणाली. "मी म्हनलं, पेचकस तं खिशातच रायते तुमच्या, करा ना दुरुस्त. तं म्हने, पोरगी बोलून रायली, बोलू दे. डब्बा कुठी पळून नाई जात."

"मग दुरुस्त केला कशाला?"

"मले का मालूम? एका इतवारी सांजच्याले पेचकस घेऊन बसले. म्हने, आता तिले खऱ्याचं बी सांगता येईल."

"हे मला तू आजवर सांगितले का नाहीस?"

"तू कुठी पुसलं?"

मी तिला म्हटले की येत्या रविवारी इकडे ये, खुर्ची तुझी. ती म्हणाली, मले का समजते त्यातलं. मी म्हटले, समजायचे काही नाही, कोण कुठे बसले आहे तेवढे मला सांगायचे. मग ती म्हणाली, "थो संतूरवाला जेवून येते का उपाशीच, थे आधी सांग. त्या हिशेबानं सैपाक करतो."

तेव्हा आई येते आहे. आयुष्यभर स्वयंपाकघरातून अर्धेच ऐकलेले ती आता खडूच्या खुणेवर बसून ऐकेल, आणि मी तुमच्या जागी, भिंतीला पाठ लावून. पोलिसासारखे विचारायचे नाही, एवढे मी ठरवले आहे.

हे पत्र डाव्या डब्यात, कापसाखाली ठेवावे असे आधी मनात आले होते. पण खर्जाच्या सुरांना कागद आत फरफरेल, आणि तुम्ही असता तर तो दोष एका कानाने पहिल्या मिनिटात पकडला असता. म्हणून ते निळ्या कव्हरमध्ये, रेकॉर्डच्या मागे राहील.

आणि एक राहिले. वर मी दप्तराच्या पट्ट्याचे लिहिले आहे, ते खरे नाही. पट्टा कशातही अडकला नव्हता. डावीकडे काही वाजलेच नाही, तर निदान डावीकडचे तरी कोणी विचारणार नाही, असे त्या शनिवारी मला वाटले होते. वायर मी हाताने ओढली होती.