मामाचं सुटसुटीत मॉडेल

६ एप्रिल
ठरलं. चाळीसगाव ते अकोला रेल्वे वाहतुकीचं गणिती मॉडेल या सुट्टीत पूर्ण करायचं. कुठली मालगाडी कुठे थांबवली की कुणालाच उशीर होणार नाही, हे कॉलेजात गणित शिकवणाऱ्याने रेल्वेला सांगावं लागतं, याची त्यांनाच लाज वाटायला हवी.

९ एप्रिल
कॉम्प्युटर हँग. स्टेशनं फार आहेत. उद्यापासून व्यायाम.

१० एप्रिल
तोडगा सापडला. किरकोळ स्टेशनं गाळून टाकली. मॉडेल एकदम सुटसुटीत. व्यायाम राहिला, पण मेंदूचा झाला.

१४ एप्रिल
बोदवडहून कोकिळाअक्काचा फोन. रविवारी दुपारी रत्नाचं लग्न. नवरीला मांडवात मामाने आणायचं, अंतरपाटाशी तिच्या पाठीशी उभं राहायचं, आणि मामा मी एकटाच. 'प्रेमराज, आदला दिनच ये,' असं अक्का पुन्हा पुन्हा सांगत होती. बायको शनिवारी जाईल. मी मॉडेलप्रमाणे रविवारी.

१७ एप्रिल
स्टाफरूममध्ये आकडे दाखवले. फिजिक्सचा हसीब म्हणाला, मलाही आमंत्रण आहे, सर, शनिवारी बसने सोबतच जाऊ. त्याची कीव आली.

२० एप्रिल, सकाळी
मॉडेलने सुपरफास्ट निवडली. गाडी वेळेवर. फेटा पिशवीत.

२० एप्रिल, दुपारी
भुसावळही वेळेवर सुटलं. मी दारात जाऊन उभा राहिलो. बोदवड आलं. बोदवड गेलं. प्लॅटफॉर्मवर दाजी मला न्यायला उभे होते. त्यांनी हात केला, मीही केला. टीसी म्हणाला, ही इथे कधीच थांबत नाही. गाळलेल्या स्टेशनांत बोदवड होतं, हे तेव्हा आठवलं.

२० एप्रिल, संध्याकाळी, अकोला
गाडी इथे वेळेच्या आधी पोचली. म्हणजे मॉडेल बरोबर आहे. परतीची पॅसेंजर मालगाडीसाठी बाजूला उभी केली आहे. फोन बंद ठेवलाय, बॅटरी वाचवायला.

२३ एप्रिल
फोटो आले. रत्नाच्या पाठीशी फेटा बांधलेला हसीब, डोळे भरलेले. ती लहान असताना खांद्यावर बसवून गाड्या दाखवायला मीच न्यायचो. फार वाईट वाटलं.

अक्काला फोन करून सांगितलं, बोदवड आता मॉडेलमध्ये घातलंय, धाकटीच्या लग्नाला चूक व्हायची नाही. अक्का म्हणाली, 'तू जेवाले ये. मामा म्हनीसन हसीबभाऊले सांगी ठेयेल शे.'

बोदवड परत काढून टाकलं. सुटसुटीत दिसतंय.