डावीकडे झुकलेली इम्पाला

अल्बुकर्की,
२ मार्च १९८८

ती. डेल्फिनोकाकांना,
सा. न. (तुमचे हात ग्रीसने माखलेले असणार, म्हणून दुरूनच.)

शाळेत शिकवायला लागले. परवा मुख्याध्यापिका म्हणाल्या की एस्पान्योलातल्या त्या बुटक्या, रांगत चालणाऱ्या गाड्या म्हणजे टवाळांचे उद्योग. मी त्यांना सांगितलं, माझ्या बाबांनी भंगारातून अठ्ठावन्नची इम्पाला उभी केली, टवाळांच्या अंगी एवढा धीर नसतो.

बाबांना जाऊन आता वर्ष होईल. गुड फ्रायडेला गावातून गाड्यांची रांग निघते, तीत आपली इम्पाला हवी. मी चालवेन, आई शेजारी बसेल. फक्त गाडीचं डावीकडे झुकणं घालवा. गाडी बुटकी करायला बाबांनी स्प्रिंगा कापल्या आणि डावीकडच्या एक वेढा जास्त कापल्या गेल्या, हे अख्ख्या गावाला ठाऊक आहे. या वर्षी तरी बाबांना कुणी हसायला नको.

तुमची,
व्हॅन्जेलिना

एस्पान्योला,
१९ मार्च

चि. व्हॅन्जेलिनास,
बाई झालीस तरी आशीर्वाद घ्यावाच लागेल.

स्प्रिंगा बदलल्या. बोनेटवर काठोकाठ भरलेला पेला ठेवला, थेंब सांडला नाही. तुझ्या बापाला मी पंचवीस वर्षं चिडवलं की गाढवा, तुला वेढे मोजता येत नाहीत. तो नुसता हसायचा, पण दुरुस्त करू द्यायचा नाही.

काल वहिनींना चर्चपर्यंत फिरवून आणलं. दाराशी अंग चोरून बसल्या होत्या. उतरल्यावर म्हणाल्या, गाडी छान केलीत, पण गुड फ्रायडेला तुम्ही दोघं जा, मी घरीच बरी. रंग तोच, सीट तीच, मग बिनसलं काय? घरात पहिली पदवी तू घेतलीस, तूच शोध. त्यांनी पनोचा पाठवलाय, मोड आलेल्या गव्हाची ती गोड खीर. उपासाचा म्हणून पुरवून खा.

तुझा काका,
डेल्फिनो

अल्बुकर्की,
२६ मार्च

ती. काकांना,
सा. न., या खेपेला जरा वाकून.

आईला फोन केला. आधी म्हणाली, काही नाही गं. मग हसायलाच लागली. लग्नाआधी आजोबांची ताकीद होती म्हणे, त्याच्या गाडीत बसायचं तर दाराला चिकटून, मध्ये एक माणूस मावेल एवढी जागा सोडून. आईने शब्द दिला आणि पाळलाही. बाबा बिचारे दोन आठवडे तसेच गाडी चालवत राहिले. मग त्यांनी करवत काढली. पुढची सीट सलग, वर गुळगुळीत प्लॅस्टिक, आणि स्टीअरिंग डावीकडे, म्हणजे बाबाही डावीकडेच. पहिल्याच वळणाला आई घसरत थेट बाबांच्या खांद्याशी. आजोबांना तिने शपथेवर सांगितलं की मी सरकले नाही, गाडीच तशी आहे.

काका, बाबांना वेढे मोजता येत होते.

जुन्या स्प्रिंगा टाकल्या नसतील तर पुन्हा बसवा. टाकल्या असतील तर करवत तयार ठेवा, मी गुरुवारी पोचते. आई येणार आहे. कुठे बसू, असं तिने विचारलं. मी सांगितलं, दाराला चिकटून.

लोभ आहेच, तो असाच एका बाजूला झुकलेला असू द्यावा.

तुमची,
व्हॅन्जेलिना