ग्राइंडर शोधू नका

बाबा,

शाळेच्या फाटकावर पडलेलं झाड कापायला चेनसॉला जुनीच साखळी लावून जातेय. तुम्ही काल नव्या ग्राइंडरवर धार लावलेली साखळी सकाळी लावून पाहिली, तर ओंडक्यात सरळ जाईना, वाकडीच पळत सुटली. डावीकडचे दात निम्मे झिजलेत आणि जळून निळे पडलेत. ग्राइंडर स्वस्त मिळाला म्हणून उचलून आणलात, पण त्याचं ते जाडं चाक कुऱ्हाडी-कोयत्यांसाठी असतं. साखळीला पातळ चाक लागतं आणि कोन पक्का धरून ठेवणारी पकड. तसा ग्राइंडरही मिळतो, फार महाग नसतो. मला एका शब्दाने विचारलं असतंत तर काय बिघडलं असतं?

ग्राइंडर परत करायला सोबत नेतेय.

तीस वर्षं कानशीने धार लावलीत आणि मशीनवाल्यांना नावं ठेवलीत. आताच मशीन का हवं झालं, हे मला कळत नाही असं समजू नका. हल्ली चहाचा कप तुम्ही दोन्ही हातांनी धरता.

संध्याकाळपासून कानस मी चालवणार. तुम्ही शेजारी बसून चुका काढा. ते तुम्हाला अजूनही उत्तम जमतं.